इंजिन पोहायला जायचा

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच: आयुष्याला अर्थ हवा आणि तो ऑफिसात मिळत नाही. राजीनामा शुक्रवारी. तोवर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

प्रसंग असा की गेल्या महिन्यात आमच्या टीमचा इंजिन गेला. ऑफिसच्याच जिन्यात. हार्ट. वय माझ्याएवढंच. इंजिन हे ऑफिसनं पाडलेलं नाव, कारण तो थांबायचाच नाही. कॉलेजात तो पहिला, मी दुसरा. नोकरीतही तेच. एका कंपनीची पार्सलं कुठल्या गोदामात किती वेळ अडकून पडतात, याचे आम्ही चार्ट काढतो. तो माझ्याआधी काढायचा.

मॅनेजमेंटची मेल आली. वर दुःखद बातमी, खाली बसण्याची नवी व्यवस्था. त्याची खिडकीजवळची जागा मला. माझ्या मनात काही नाही. खुर्ची उत्तम आहे. तो उंच होता, त्यामुळे माझे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि तिचा उंची कमी करायचा दांडा जाम झालाय, एवढंच. मेंटेनन्सला कळवलंय.

५ मार्च, बुधवार

पोहण्याचा क्लास लावला. सकाळची बॅच. पाणी म्हणजे मोकळं होणं. ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, तुला पोहता येत नाही. म्हटलं, म्हणूनच क्लास. ती म्हणाली, गिटारचंही असंच होतं. विषय बदलला.

७ मार्च, शुक्रवार

राजीनामा टाईप केला. मुद्देसूद, कटुता नाही. पाठवणार तेवढ्यात मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, इंजिनची टीम आता तूच बघ, तात्पुरती. मी ठामपणे नाही म्हणायला तोंड उघडलं. 'हो मॅडम, थँक्यू मॅडम' असं निघालं.

विचार केला तर बरंच झालं. शिडी वरपर्यंत चढून मग सोडली तर त्या सोडण्याला वजन. राजीनामा महिनाअखेर.

८ मार्च, शनिवार

स्विमिंग पूल. उथळ बाजूला पाणी छातीपर्यंत. कोच म्हणाला, साहेब, कठडा सोडा. मी म्हटलं, आधी पाण्याशी ओळख होऊ द्या. बाजूनं शाळेतली पोरं माशांसारखी जात होती. त्यांच्यात स्पर्धेची भावना फार. वाईट वाटलं.

९ मार्च, रविवार

इंजिनच्या घरी गेलो. जायचं नव्हतं. त्याच्या ड्रॉवरमधलं सामान पोचवायचं होतं. एक मग, चार्जर, स्वेटर. एवढंच निघालं.

दार काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी उघडलं. काकूंनी पिशवी मांडीवर घेतली आणि स्वेटरची घडी घालत राहिल्या. घातलेली मोडायच्या, पुन्हा घालायच्या. मग विचारलं, तू शेजारी बसायचास ना त्याच्या? कसा असायचा रे तो तिथे? घरी यायचा तो नुसता झोपायला. हसायचा का?

मी आठवायला बसलो. इतकी वर्षं शेजारी बसलो, तर आठवलं काय? तो एका हातानं जेवायचा आणि दुसऱ्यानं टाईप करायचा. हे कसं सांगणार?

दोघं माझ्याकडे बघत होते. तोंडातून निघालं: पोहायला जायचा.

काकूंचे हात थांबले. पोहायला?

मग थांबता येईना. म्हटलं, हो, सकाळी, ऑफिसच्या आधी. निळी टोपी घालून. कठडा पहिल्याच दिवशी सोडला. कोच म्हणायचा, असा विद्यार्थी पाहिला नाही. काकांनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि जवळ येऊन बसले.

निघताना काकूंनी विचारलं, पुढच्या रविवारी येशील? माणुसकी म्हणून हो म्हटलं.

१२ मार्च, बुधवार

पूल. कठड्याला धरून पाय मारत होतो. पलीकडच्या लेनमधून कुणीतरी संथ हात टाकत गेलं. निळी टोपी. भिंतीला वळलं, परत गेलं, अजिबात धापा न टाकता. मी श्वास घ्यायचा विसरलो आणि नाकात पाणी गेलं. कोचनं बाहेर काढलं. मी विचारलं, ते कोण? म्हणाला, रिटायर्ड आजोबा आहेत, रोज येतात.

निळी टोपी मीच कशाला सांगितली? हिरवीही चालली असती.

१४ मार्च, शुक्रवार

पोहणं हे शरीराचं झालं. अर्थ आत असतो. माउथ ऑर्गन घेतला. संध्याकाळी सराव करताना ताईचा फोन आला. म्हणाली, मागे मांजर अडकलंय का कुठे, आधी त्याला सोडव.

तिला संगीताचा कान नाही.

१६ मार्च, रविवार

काकांनी दारातच विचारलं, मग आज काय सांगणार? मी ठरवून गेलो होतो की फक्त हवापाण्याचं बोलायचं. सांगितलं असं की लंच ब्रेकमध्ये इंजिन गच्चीवर जाऊन माउथ ऑर्गन वाजवायचा. वॉचमन, लिफ्टवाला, अकाउंट्सच्या बायका, सगळे ऐकायला यायचे. काकूंनी विचारलं, तू पण जायचास? मी म्हटलं, रोज.

गच्चीचं दार कुलपात असतं. कधी उघडं बघितलेलं नाही.

१९ मार्च, बुधवार

नवीन लागलेल्या ट्रेनीनं मला 'इंजिन सर' म्हणून हाक मारली. या जागेवर इंजिन सर बसतात असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. मी दुरुस्त करणार होतो, पण त्याचा प्रश्न अर्जंट होता.

पोहायला जाणं जमलं नाही. मीटिंग.

२२ मार्च, शनिवार

मातीकाम. एक दिवसाची कार्यशाळा. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मातीला जे व्हायचंय ते होऊ द्या. माझ्या मातीला काहीच व्हायचं नव्हतं. वाडगं जरा उभं राहिलं, मग एका बाजूनं बसलं, जसा माणूस जिन्यात बसतो. ते पाहवेना. लवकर निघालो. सोमवारचं प्रेझेंटेशन बाकी होतं हेही कारण आहेच.

२३ मार्च, रविवार

इंजिनला मातीकाम उत्तम यायचं. पातळ कडेची वाडगी. काकांनी विचारलं, एखादं आहे का रे कुठे? बघायला मिळेल? म्हटलं, त्यानं सगळी वाटून टाकली. स्वतःला एकही ठेवलं नाही.

काकू हळूच म्हणाल्या, दुसऱ्यांना देऊन टाकायची. वा.

परत येताना मन बिघडलं. काय माणूस! पोहतो, वाजवतो, घडवतो, वाटून टाकतो. मी दिवसभर राबून एक वाडगं उभं करू शकत नाही. गेल्यावरही हा पुढेच.

असला विचार करणं बरं नव्हे, कारण हे सगळं मीच... असो. ध्यान सुरू करावं. उद्यापासून.

२४ मार्च, सोमवार

ध्यान. डोळे मिटले. आत गोदामांचे आकडे दिसले. ते जाऊ दिले. मग जिना दिसला. उठलो आणि आकड्यांना लागलो.

३० मार्च, रविवार

आज मी फार पुढे गेलो. काकूंना म्हटलं, त्यानं नोकरी सोडायचं ठरवलं होतं. राजीनामा लिहून तयार होता. मुद्देसूद, कटुता नाही. डोंगराजवळच्या एखाद्या गावात मुलांसाठी वाचनालय काढणार होता.

काका उठून बाल्कनीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. काकूंनी विचारलं, कधी सोडणार होता? मी म्हटलं, महिनाअखेर.

बसस्टॉपवर दोन बस सोडून दिल्या. सकाळी नीट खाल्लं नव्हतं, त्यामुळे.

३१ मार्च, सोमवार

महिनाअखेर. राजीनामा काढला, तारीख बदलली. मॅडम स्वतः जागेवर आल्या. म्हणाल्या, अभिनंदन, तात्पुरता शब्द काढून टाकलाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून हसलो. अशा वेळी राजीनामा देणं टीमवर अन्याय ठरला असता. एक तिमाही बघू.

दुपारी मेंटेनन्सचा माणूस खुर्ची दुरुस्त करायला आला. राहू दे म्हटलं. सवय झालीय.

६ एप्रिल, रविवार

गेलो नाही. तिमाहीचा रिव्ह्यू. ऑफिसात मी एकटाच. एका हातानं जेवलो.

काकूंचा फोन येत होता. वाजू दिला. रिकाम्या हॉलमध्ये तो जिन्याकडून वाजल्यासारखा वाटत होता. एसीमुळे आवाज फिरतो.

१० एप्रिल, गुरुवार

पोहण्याच्या क्लासचा मेसेज: आपली बॅच संपली, आपण दिसला नाहीत. माउथ ऑर्गन सापडत नाही. शोधला नाही.

१३ एप्रिल, रविवार

गेलो. वाटेत ठरवलं होतं की इंजिनला चित्रकला द्यायची.

काकूंनी चहा ठेवला आणि मी सुरू करायच्या आत म्हणाल्या, पाण्याला तो फार भ्यायचा. शाळेची सहल तळ्यावर निघाली की याला ताप भरायचा. मी म्हटलं, मोठेपणी भीती गेली असेल. म्हणाल्या, नाही रे. आम्ही आई-बाप आहोत त्याचे.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावल्या नव्हत्या. त्यांना पहिल्याच रविवारी कळलं होतं.

मी विचारलं, मग ऐकून का घेतलंत?

काका म्हणाले, आम्हाला वाटलं तू तुझंच सांगतोयस. तो गेला आणि तू मजेत आहेस, हे तोंडावर सांगायला लाजतोयस, म्हणून त्याचं नाव घालतोयस. तू गेलास की आम्ही बोलायचो, चला, त्या ऑफिसात एक तरी पोरगा धड जगतोय.

काकू म्हणाल्या, आता लाजू नकोस. तुझं म्हणून सांग. डोंगराकडे कधी निघतोस?

मी तोंड उघडलं. आलं ते हे: उत्तरेच्या गोदामात माल अडकायचं प्रमाण मागच्या तिमाहीपेक्षा कमी झालंय, पण शेवटच्या आठवड्यात पुन्हा वाढलं, कारण तिथे शिफ्ट बदलली, आणि तो एक आठवडा वगळला तर आपला ट्रेंड चांगला आहे. मला थांबायचं होतं. थांबता येईना. हातानं हवेत चार्टची रेघ काढून दाखवली.

काकूंनी डोळे मिटले.

हां, म्हणाल्या. हा आमचा.

मी हात खाली घेतला. त्या म्हणाल्या, थांबू नकोस. कधी घरी जेवलाच तर अस्साच बोलायचा. आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. मी म्हणायचे, पुरे रे ते तुझं गोदाम.

काका खुर्ची ओढून माझ्या गुडघ्यांपर्यंत आले आणि पुढे वाकून बसले.

मी सांगत गेलो. सगळा रिव्ह्यू, पहिल्या स्लाईडपासून. आवाज हळूहळू माझा वाटेना. चहा गार झाला, कुणी उचलला नाही. उत्तर संपलं, पूर्व संपली, आणि मी श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा काकांनी विचारलं, आणि दक्षिणेचं?