यंदा पाणी किती हात?

विश्रामबाग, सांगली
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की सगळ्या वस्तीला माझ्या बातम्या कळतात, म्हणून तू बजावल्याप्रमाणे कागदावर लिहिते आहे. खोली चांगली आहे. सोबतीण नूरीन माझ्याआधी उठते आणि माझाही चहा टाकते, तेव्हा जेवणाखाण्याची काळजी नको.

कुपवाडच्या कारखान्यात काम तेच. माल किती सुटला त्याच्या चिठ्ठ्या दिवसभर कॉम्प्युटरवर चढवायच्या. त्यात जन्म काढायचा नाही, म्हणून नूरीनच्या नादानं एका गटात शिरले आहे. तिथं मास्तर कुणी नाही. दर सोमवारी सगळ्यांना एकच माहिती मिळते, नुसते आकडे. त्यातून ज्यानं त्यानं शनिवारपर्यंत डॅशबोर्ड करायचा, म्हणजे एका नजरेत सगळं कळेल असं चित्र. मग एकमेकांचं काम बघून एक चांगलं आणि एक चुकलेलं सांगायचं. चूक दुरुस्त झाली की काम पार.

इथल्याच एका ऑफिसात असं काम करणारी मुलगी हवी आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, दहा मेपर्यंत गटातून पार झालेली तीन कामं दाखव, मग बघू. बाबांनी तीच तारीख धरली आहे. जमलं तर ठीक, नाहीतर खोली सोडून रहिमतपुरात मामांच्या दुकानात बसायचं.

सोबत पहिलं काम छापून पाठवते. अकरा गावांच्या बाजारात वांगी किती आली त्याचं आहे. गटातला वीरधवल म्हणाला की माहिती कमी आणि रंगपंचमी जास्त झाली आहे. दोन दिवस जेवण गेलं नाही. तू तरी चांगलं म्हण.

बाबांना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
प्रियदर्शनी


मळ्यातली वस्ती, रहिमतपूर
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शनीस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्मा लावून दोनदा वाचलं, एकदा उन्हात आन एकदा सावलीत. तू चांगलं म्हण म्हणालीस, पण खोटं लिवायलाबी शाई लागतेच की. म्हणून खरंच लिवते.

तू एक गोल काढलास आन त्याचे अकरा तुकडे केलेस. त्यातले चार जांभळे. जांभळं गाव कुठलं, हे बघायला बाजूच्या यादीत जायचं, परत गोलात यायचं, तवर मी गावच विसरले. दोन तुकडे शेजारी शेजारी हायत, त्यात मोठा कुठला ते मला बोटानं मोजूनबी कळालं न्हाई. वांगी इकायला निघालेल्या बाईला एवढंच पायजे असतं की आज कुठल्या बाजारात जाऊ नये. ते तू मुंगीएवढ्या अक्षरात कोपऱ्यात लिवलंयस. घरात पावणा आला की पाणी आधी देतो का अंगणातली झाडं मोजून दाखवतो?

त्या वीरधवलला शिव्या देऊ नको. त्यानं बरोबर सांगितलं आन फुकट सांगितलं. आमी बायका शेवया करायला एका जागी बसायचो, तवा माझी शेवई जाड झाली की चार जणी तिथंच तोंडावर सांगायच्या. पयल्या साली मी रडले. दुसऱ्या साली दुसरीची जाड काढायला लागले. तसंच शिकतात.

रांगेनं उभ्या पट्ट्या काढ. लांब ती जास्त, आखूड ती कमी. रंग एकच, आन जिथं जाऊ नये तिथं दुसरा. झालं.

तुझ्या बापाला दुकानाचं मी बोलले. तो म्हणाला तारीख ती तारीख. माझ्यावर गेलाय.

जेवत जा. माझा लोभ हाय, वरून दिसत न्हाई एवढंच.

बनुबाई


विश्रामबाग, सांगली
दि. ३ मार्च २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पट्ट्या काढल्या, रंग एकच ठेवला आणि काम पार झालं. पुढच्या सोमवारचंही पार झालं. नूरीननं तुझं पत्र गटात वाचून दाखवलं, तर सगळे विचारतात की आजी आमचंही काम तपासतील का. मी सांगितलं, रडायची तयारी असेल तरच पाठवा.

आता तिसरं आणि शेवटचं. यावेळी आकडे मिळणार नाहीत, प्रत्येकानं आपल्या घरातली माहिती आणायची आहे. कुणी आईच्या शिलाईची आणतंय, कुणी अंगणातल्या चिमण्या मोजतंय. मला एकदम आपल्या विहिरीवरचा दोर आठवला, तो चिंध्यांचा. लहानपणी मी त्याच्याशी खेळले म्हणून तू मला एकदाच मारलं होतंस. त्याचं नीट कधी विचारलंच नाही. कळवशील का? दोन महिने आहेत हातात, पण तेही जातात.

आशीर्वादात काटकसर नको.

तुझी,
प्रियदर्शनी


मळ्यातली वस्ती, रहिमतपूर
दि. १४ मार्च २०२५

चि. दर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

एकदा न्हाई, दोनदा मारलं होतं. दुसऱ्यांदा तू एक चिंधी सोडून बाहुलीला नेसवली होतीस.

दोर माझ्या आत्याबाईंचा, म्हंजे सासूबाई हरणाबाईंचा. दरसाली आखितीला, तुमच्या अक्षय तृतीयेला, उजाडताना घरातल्या बाईनं दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचा. दगड पाण्याला टेकला की काठापाशी दोराला त्या सालच्या फाटक्या कापडाची चिंधी बांधायची. चिंधी बघून साल कळतं. मी लग्न होऊन आले तवा सहासष्ट साली पयली माझी चिंधी, लग्नातल्या हिरव्या लुगड्याची. अडुसष्टची खाकी, हवालदाराच्या, म्हंजे तुझ्या आजाच्या, जुन्या वर्दीची. तुझ्या बापाच्या बारशाच्या सालची पिवळी कुंची. दोन हजार सालची तुझ्या झबल्याची. समद्या अजून वळखू येतात, रंग तेवढे उडालेत. माझेबी उडालेत.

मी तिसरी शिकले. वाचता यायचं, लिवता यायचं न्हाई. तुझा आजा पलटणीत. त्याचं पत्र यायचं त्यात पयली ओळ ठरलेली, यंदा पाणी किती हात. बायको कशी हाय हे चौथ्या ओळीत. त्याला कळवायचं म्हणून मास्तरणीच्या पायऱ्यांवर बसून अक्षरं गिरवली. माझं पयलं पत्र म्हंजे एवढंच, पाणी सतरा हात, बाकी ठीक. तिकडं बर्फात त्यानं ते पत्र समद्या पलटणीला दाखवलं, असं पुढं मला कुणी कुणी सांगितलं. पेन्शनवर घरी आला तरी सवय गेली न्हाई. पाच पावलांवर उभा राहून मला वराडून विचारायचा, पाणी किती. डोळे होते त्याला, पण बघायचा न्हाई, विचारायचा.

काल दोर अंगणात पसरून माझ्या हातानं मोजला. हात एकच, म्हंजे समद्या सालांना माप एकच. काठापासनं पाण्यापर्यंत किती हात, ते सोबतच्या वहीच्या पानांवर सालवार लिवलंय. दोन सालांना चिंधी न्हाई, त्र्याहत्तर आन दोन हजार एक. ती रिकामी हायत, तशीच लिवलीत. आळस म्हणू नको.

पानं परत पाठव. आन माया कमी करू नको, म्हातारपणी तेवढंच मोफत मिळतं.

बनुबाई


विश्रामबाग, सांगली
दि. २८ मार्च २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी पानं आल्या दिवशी मी आणि नूरीन जेवायचं विसरून वाचत बसलो. एकोणसाठ वर्षं. गटात इतकी जुनी माहिती कुणाचीच नाही.

सोबत चित्र पाठवते. डावीकडून उजवीकडे सालं, आणि पाण्याची एकच निळी रेघ. प्रत्येक सालावर त्या चिंधीच्या रंगाचा ठिपका. दोन रिकाम्या सालांनी रेघ तुटत होती, म्हणून आजूबाजूच्या सालांची सरासरी काढून तिथं भरली. असं सगळेच करतात. रेघ आता सलग वाहते, नदीसारखी. वीरधवलनंसुद्धा यावेळी आधी चांगलंच सांगितलं.

तुला आवडेल असं वाटतं. तसं लिही म्हणजे बाबांना दाखवता येईल.

लोभ वाढता राहो.

तुझी,
प्रियदर्शनी


मळ्यातली वस्ती, रहिमतपूर
दि. ५ एप्रिल २०२५

चि. दर्शनीस,
आशीर्वाद. अनेक न्हाई लिवलं, मुद्दाम.

पयली गोष्ट, पाणी खाली गेलं की तुझी रेघ वर जाती. ज्या साली घागर भरत न्हवती त्या साली तुझा डोंगर झालाय. पाण्याची रेघ हाय तर पाण्यासारखी खाली जाऊ दे.

दुसरी गोष्ट बसून वाच. त्र्याहत्तरला तू एकोणीस हात पाणी दाखवलंस. ते कुठनं आणलंस? बहात्तरला पाऊस न्हाई झाला, त्याच्या पुढचा हा उन्हाळा. आखितीला मी दगड सोडला तो अठ्ठावीस हातांवर खट्ट वाजला. वर घेतला तर कोरडा. आत्याबाईंचा नेम असा की दगड भिजला तरच चिंधी. चिंधी हातातच राहिली. त्या उन्हाळ्यात आमी आळीपाळीनं तळात उतरून वाटीनं पाणी भरायचो. एक घागर भरायला सकाळ जायची. तुझा बाप तवा तान्हा. सकाळी मी खडी फोडायला दुष्काळाच्या कामावर आन आत्याबाई विहिरीत. तिथं तू दोन्ही बाजूची सालं मिळवून, भागून, पाणी भरून ठेवलंस. तवा का न्हाई आलीस एवढी हुशार?

समदे करतात म्हणून करायचं तर मंग मास्तर न्हाई म्हणून मिरवता कशाला? रिकामं का हाय, हे इचारायला एक पत्र लागलं असतं.

बापाला चित्र दाखवलं न्हाई. सुधारलंस की दाखवीन.

रागात हाय, पण तुझीच,
बनुबाई


विश्रामबाग, सांगली
दि. १७ एप्रिल २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नूरीनला वाचायला दिलं आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले. बरोबर आहे तुझं. गटात मी स्वतःच लिहिलं की ते एकोणीस हात माझ्या मनाचे होते. कुणी हसलं नाही. उलट तिघांनी आपापल्या कामात असं कुठं भरलंय का ते तपासलं.

चित्र उलटं केलं. काठ वर, तळ खाली. त्र्याहत्तरला रेघ थेट तळाला नेली आणि तिथं लिहिलं, दगड कोरडा. दोन हजार एकलाही तसंच केलं, दगड कोरडा. दोन दुष्काळ, मध्ये अठ्ठावीस वर्षं. वीरधवल म्हणाला की आता चित्र बोलतंय. दहा मेला हेच बाईंना दाखवणार. सोबत जोडलं आहे.

आता आशीर्वाद अनेक लिही.

तुझी,
प्रियदर्शनी


मळ्यातली वस्ती, रहिमतपूर
दि. २४ एप्रिल २०२५

चि. दर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

चूक मानलीस ते बरं केलंस. त्र्याहत्तर आता खरं झालं. पण ते करताना दुसरं एक मोडलंय ते सांगते.

दोन हजार एकला विहीर कोरडी न्हवती. मोटार चालू होती, ऊस भिजत होता, गुरं पीत होती. पाणी होतं. किती होतं ते ठाऊक न्हाई.

हवालदार त्या चैत्रात गेला. आखितीला मी उठले, दोर काढला, विहिरीपर्यंत गेले. दगड बांधला. मंग वाटलं, मोजायचं आन सांगायचं कुणाला? तसाच दोर गुंडाळून घरी आले. कुणाला कळलंबी न्हाई. पुढच्या साली आत्याबाईंनी म्हातारपणी काठी आपटून सांगितलं की विहीर काय तुझ्या नवऱ्याच्या पेन्शनीवर चालत होती का. तवापासनं परत मोजते.

म्हणून तिथं मनाचे हात लिवू नको आन कोरडंबी लिवू नको. पाणी न्हवतं ते येगळं आन मोजलं न्हाई ते येगळं. तुमच्या त्या यंत्राला हे दोन्ही सारखंच दिसत असंल. तुला दिसायला पायजे.

हे मी कुणाला सांगितलं न्हवतं. तुझ्या बापालाबी न्हाई. त्यावर लय लांब पत्र लिवू नको, मला काही झालेलं न्हाई.

बनुबाई


विश्रामबाग, सांगली
दि. १२ मे २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

लांब लिहीत नाही.

दोन हजार एकला रेघ तोडली. दोन हजारच्या माझ्या झबल्याच्या ठिपक्यापाशी थांबते, एक साल मोकळं, मग दोन हजार दोनला परत सुरू. खाली दोनच शब्द, मोजलं नाही. गटात चौघांनी सांगितलं की ही चूक वाटते, बघणारा अडखळतो. मी म्हटलं, अडखळू दे. वीरधवल दोन दिवस वाद घालत होता, मग त्यानंच काम पार केलं.

शनिवारी बाईंना तिन्ही कामं दाखवली. बाकी सगळं त्यांनी भरभर पाहिलं आणि त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, हे भरलं का नाही. मी सांगितलं की ते माझ्याकडे नाही, आणि नाही ते नाही म्हणून दाखवलंय. कुणामुळं नाही, ते सांगितलं नाही. एक जूनपासून ये म्हणाल्या, तीन महिने बघू म्हणाल्या. बाबांना तूच सांग, तारखेच्या आत झालं आहे.

आखिती होऊन बारा दिवस झाले आणि मी अजून विचारलंच नाही. ते आधी विचारायला हवं होतं, पहिल्या ओळीत.

यंदा पाणी किती हात?

तुझी,
प्रियदर्शनी


मळ्यातली वस्ती, रहिमतपूर
दि. १९ मे २०२५

चि. दर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

बापाला सांगितलं. तो म्हणाला बरं. मंग गोठ्यात जाऊन उगाच गुरांना दुसऱ्यांदा पेंड घातली.

तुझं चित्र आतल्या दारावर चिकटवलंय. वरचा कोपरा सुटतो, चांगला गोंद पाठव.

हवालदार गेल्यापासनं हे मला कुणी विचारलं न्हवतं. मोजायचे, चिंधी बांधायचे आन दोर खुंटीला. यंदाची चिंधी तू टाकून गेलेल्या त्या जांभळ्या ओढणीची हाय. रंग वाईटच हाय, पण दुरून दिसतो.

पाणी साडेचौदा हात. बाकी ठीक.

बनुबाई