जुन्या नाड्याचा तुकडा

चैत्र वद्य २
धाकट्या पोरानं, दगडूनं, परतूरच्या बाजारातून अंबाडी आणली. मोट ओढायचा जाड दोर, नवा नाडा वळायचा. विहिरीत गाळ मांडीइतका, पाणी घोटभर. गाळ काढायला दगडू उतरणार. दुसरं आहे कोण. मागच्या साली थोरला उतरला होता.
भाकर कडक झाली होती. खाल्ली.

व. ४
माधव आला. थोरल्याचा पोरगा, हैदराबादेत कॉलेजात आहे. पाया पडून म्हणाला, "आजी, वाळलीस." म्हटलं, उन्हाळ्यात वाळवण चांगलंच होतं.
त्याची माय कावेरी त्याला वाढत होती. तोंडातून शब्द नाही. वर्ष झालं, माझ्याशीही कामापुरतंच. "आत्याबाई, मीठ." "आत्याबाई, सरपण." बरं आहे. जास्त बोलली तर काय बोलेल ते मला माहीत आहे.

व. ५
आमच्यात नवा नाडा वळला की जुन्याचा हातभर तुकडा मधे सांधतात. घरातल्या वडील बाईनं सांधायचा. विहिरीला ओळख राहते म्हणे. सासूनं सांधला, तिच्या सासूनं सांधला. मागच्या साली मी. थोरला गाळ काढून वर येत होता, बैल ओढत होते, नाडा तुटला, थोरला गेला. तुटला तो सांध्याला लागूनच.
आज दत्तू भाऊजी ओट्यावर बसून सांगून गेले, "तुकडा तोकडा पडला, वहिनी. औंदा तीन हात घाला." दगडूनं मान हलवली. मीही हलवली. मान काय, हलते.

व. ७
माधवनं दोरी ताणून बांधली. तिला ओळीनं कांदे टांगले, एकाला दुसरा सुतळीनं जोडला.
"भुताला निवद करून राह्यलास का रे?"
"बघ तर, आजी. सगळ्यांच्या सुतळ्या सारख्या. इथून हलवलं तर हेलकावा पार त्या टोकाला जातो."
गेला. मग त्यानं मधला एक कांदा लांब सुतळीला बांधला आणि त्याच्या चालीनं झुलवला. तोच झुलत राहिला. शेजारचे जरासे, त्यांच्या शेजारचे त्याहून जरासे. कडेचे गप्प.
"एकच निराळा निघाला की सगळा जोर तिथंच अडकतो. बाहेर पडायला वाट न्हाई."
"कडेचे तर हलतच न्हाईत."
"हलतात. दिसत न्हाई. कमी कमी होत शून्याजवळ जातं, शून्य होत न्हाई." कागदावर काढून दाखवलं. मधे डोंगर, दोन्हीकडं शेपट्या.
"शेपटी संपती कुठं?"
"संपतच न्हाई."
"मंग कागद कमी पडला म्हण."
हसला. थोरल्यासारखा हसतो, एका गालानं.
मी विचारलं, नाड्यात निराळा तुकडा असला तर?
"नाडा म्हणजे कांदे न्हाईत. पण बैलांचा झटका अशाच जागी जास्त बसणार. का? मागच्या साली होता का तसा? कोणी घातला?"
कावेरी चुलीशी होती. फुंकणी वाजायची थांबली.
म्हटलं, कांदे काढ, कालवणाला लागतात.

व. ८
नाडा वळला. हात सोलले.

व. ९
वळला.

व. १०
नाडा पुरा झाला. दगडूनं जुना तुकडा आणला. तीन हात. त्याच तुटलेल्या नाड्याचा.
"माय, तुझ्या हातानं घाल."
"न्हाई घालत."
"विहीर रुसंल."
"रुसू दे. रुसलेल्यांतच राहते मी वर्षभर."
दत्तू भाऊजी होतेच. "वहिनी, रीत मोडता?"
मग मी बोलले. मागच्या साली रीत पाळली. माझ्या हातानं सांधा घातला, तिथंच तुटला. तुकडा तोकडा नव्हता. तुकडा होता म्हणून.
भाऊजींनी पागोटं नीट केलं. माधव जमिनीकडं बघत राहिला. दगडू तुकडा घेऊन निघून गेला.
मी उरलेली अंबाडी गोळा केली.
दुपारी डाळ निवडताना कावेरी म्हणाली, "सांधताना दुसरं टोक मी धरलं होतं, आत्याबाई."
म्हणजे वर्षभर ती हे गिळून होती. आणि मी समजत होते, माझ्यावर…
"मी सांगितलं म्हणून धरलंस," म्हटलं.
तिनं खडा काढून टाकला. मीही एक काढला. डाळ निवडून झाली.

व. १२
विहिरीवर. मोटेच्या चाकाजवळ बसून लिहिते. बाजूला सरका म्हणाले, सरकले नाही.
सकाळी बघितलं तर दगडूनं खुंटीवर टांगलेला जुना तुकडा नाही. दगडूला विचारलं. "फेकला." माझ्याकडं बघेना. म्हटलं, सगळा नाडा काढ. माणसं खोळंबली. इथून तिथवर तळहाताखालून घातला. सारखा. कुठं गाठ नाही, फुगीर नाही. मग दगडूनं सदरा वर केला. तुकडा कमरेला, करगोट्यासारखा.
"नाड्यात न्हाई ना घातला, माय. माझ्या अंगावर तर राहू दे."
मोठा आला करगोटेवाला. राहू दिला.
कावेरी बैलांपाशी उभी आहे. मागच्या साली घरात होती. आज कासरा तिनंच धरलाय, कोणाला देत नाही. माधव विहिरीत वाकून बघतो. त्याला म्हटलं, तुझा कागद काय म्हणतो? म्हणाला, "कागदावर बराबर आहे, आजी." खाली बघतच म्हणाला.
दगडू उतरला. तळाला लागला. नाडा थांबला. डावा हात नाड्यावर ठेवलाय. तो खाली फावडं मारतो तशी थरथर वर येते. मघा जास्त होती. आता कमी. थकला असेल. अजून कमी.
येते अजून. हात काढलेला नाही.