होडीची दुसरी टाकी

राहू, ता. दौंड
सोमवार, २५ ऑक्टोबर १९९९

चि. आनंदा यास,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, तरी ती खुरपायला जातेच. गौतमी बारावीला गेली. शिक्रापूरला आपल्या वर्कशॉपसमोर चहाच्या चार टपऱ्या झाल्यात. ट्रक एवढे वाढलेत की रस्ता ओलांडायला पाव तास उभं राहावं लागतं. दिवसभर उभं राहिलं की मी हल्ली फार थकतो.

तू ज्यांच्या होडीवर काम करतोस त्या साहेबांचा परवा फोन आला होता. म्हणाले, टाकी होडीत चपखल बसली, डिझेलही भरलं, ३१ तारखेला, रविवारी लक्षद्वीपला निघायचं. मी म्हणालो, "आभारी आहे साहेब." तू तिथंच होतास म्हणे. तुला बोलवा, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही, फोन ठेवला.

सात वर्षांनी तू मला काम पाठवलंस. साहेब म्हणाले होते, "आमचा आनंदा सांगतो, टाकी दादाच्याच हातची पाहिजे." तुझी चिठ्ठीही त्यांनी दिली. तीत होतं: वारा पडला की इंजिनावर जावं लागतं, एका टाकीचं डिझेल एवढ्या लांब पुरत नाही, म्हणून दुसरी. आणि शिडाची होडी तासन्‌तास एका कुशीवर कलून चालते, तेव्हा आतले आडवे पत्रे भक्कम पाहिजेत, नाहीतर डिझेल हिंदकळून टाकीला धडका देईल. समुद्र मी पाहिलेला नाही, पण एवढं मला कळलं होतं.

बाहेरचे वेल्डिंगचे जोड मी उन्हात, हळूहळू मारले. हवा भरून साबणाचा फेस लावला, कुठं बुडबुडा नाही. साहेबांचा ड्रायव्हर सर्जेराव टेम्पो घेऊन आला होता. टाकीवर थाप मारून म्हणाला, "बबनराव, घागरीगत गुळगुळीत केलीय की! साहेबाला सांगतो, आतच झोपा म्हणून." मी हसलो.

आनंदा, आपल्या वर्कशॉपची रीत तुला आठवते. टाकीचं झाकण बंद करण्याआधी दोन माणसांचे हात आतून फिरायचे. एकाला चुकलं ते दुसऱ्याच्या बोटांना लागायचं. बाबांपासूनची रीत. तू गेल्यावर शेजारचा गॅरेजवाला यायचा. या वेळी मी त्याला बोलावलं नाही. एकदा उजवा हात घातला, एकदा डावा घातला, आणि दोन हात झाले असं मनाशी म्हणून झाकण बंद केलं.

कारण हाताला काय लागलं होतं ते मला माहीत होतं. आतले दोन्ही पत्रे सुरुवातीला धरायला मारलेल्या वेल्डिंगच्या नुसत्या ठिपक्यांवर उभे आहेत. आतल्या अंधारात मला जोड दिसलाच नाही. रॉड बोटभर बाजूनं चालत गेला होता. पत्र्यावर वेल्डिंग आहे, सांध्यावर नाही. टाकी बाहेरून पास झाली, आतून ती टाकी नाही. होडी कलली की ते पत्रे सुटतील आणि टाकी फोडतील. मग भर समुद्रात तुम्ही काय कराल?

सात वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या कामाच्या वेळी तू गिऱ्हाइकादेखत म्हणाला होतास, "दादा, तुला दिसत न्हाई. रॉड हिकडं दे, मी मारतो." मी म्हणालो, "लई शाना झालास व्हय? तुला रॉड धरायला कुणी शिकवलं? चल, निघ." तू निघालास. तुझं बरोबर होतं. तेव्हाच डोळ्यांपुढं धूर असल्यासारखं दिसत होतं. आता उजव्यानं नुसता उजेड कळतो. घरात मी कुणाला सांगितलं नव्हतं.

काल पौर्णिमेला विहारात गेलो. वर्षावासाचा शेवट होता. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज निघेना. बाकीचे पुढं गेले. मी तिथंच राहिलो.

टाकीतलं डिझेल काढा आणि ती उतरवा. रिकामी झाली तरी तिला ग्राइंडर किंवा गॅस लावू नका, आत वाफ राहते. तशीच भंगारात द्या. नवी तिथल्या चांगल्या माणसाकडून करून घ्या. हेच पत्र साहेबांना वाचून दाखव. माझ्यासाठी काही सावरून सांगू नकोस. दादाचं नाव राहावं म्हणून तू गप्प बसून त्या होडीत चढशील, याचं मला भ्या आहे. चढू नकोस.

सर्जेराव सुट्टीवर इकडं आलाय, बुधवारी परत तिकडं निघतोय, पत्र त्याच्या हाती देतो. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. टाकी उतरवली एवढं त्याच्यापाशी सांग.

अक्षर गौतमीचं आहे. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. मधे दोनदा ती थांबली. आता घरातही सगळ्यांना कळलं. खालची सही तेवढी माझी आहे. ती ओळीवर आली नसेल.

तुझा दादा,
बबन