गिलावा न केलेली भिंत

अण्णा, काल आईला अखेर विद्यापीठाचं कलासंग्रहालय दाखवलं. इतकी वर्षं ती 'तुझ्या बापाचं काम दाखव' म्हणायची आणि मी टाळायचो. तिथं सिमेंट ओतायच्या साच्याला तुम्ही सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या होत्यात. इमारतीचा अर्धा भाग खांबाशिवाय पुढे आलाय, भिंती तिरक्या, उघड्या सिमेंटच्या. लोक लांबून फोटो काढायला येतात. आई दारातच थांबून म्हणाली, "एवढं बांधलं आन गिलावा राह्यलाच का?" मला हसू आलं, पण ते मी आवरलं. कारण या भिंतींना गिलावा होणार नाही, हे तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

ताई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. सातपूरच्या आपल्या खोलीच्या दाराच्या फळीवर तुम्ही पटाशीनं तिच्या उंचीच्या खाचा पाडल्या होत्या. ती फळी तुम्हाला बघवेना आणि जाळवेना. शेवटी ती कामावर नेऊन भिंतीच्या साच्यात ठोकलीत. फळीचा छाप उठला तरी वरून गिलावा बसेल, कुणाच्या नजरेला पडणार नाही, असं तुम्हाला वाटलं. आईला सांगितलंत, चुलीत घातली. साचा उघडला तर ताईच्या खाचा सिमेंटवर रेघा होऊन वर आलेल्या. कामावरचे साहेब म्हणाले, राहू द्या, छान दिसतंय. त्यानंतर तुम्ही त्या रस्त्यानं कधी गेला नाहीत. शेवटच्या आजारपणात हे मला सांगितलंत आणि कूस बदललीत. आई मात्र त्या फळीवरून तुमच्याशी आयुष्यभर तुटक वागली. तुम्ही गेलात तरी तिचा राग गेला नाही.

काल त्या भिंतीपाशी मी काही बोलायच्या आत तिचा हात रेघांवर गेला. सर्वांत वरच्या रेघेवर तळवा ठेवून ती म्हणाली, "इथवर आली व्हती." मग माझ्याकडे वळली. "म्हंजी जाळली नाय त्यांनी. मुद्दाम इथं ठिवली, हाय ना?"

मी हो म्हणालो. तिनं पदरानं त्या रेघा पुसल्या. घरी आल्यावर तुमच्या फोटोपुढे चहा ठेवला, जास्त साखरेचा, तुम्हाला लागायचा तसा. मला फार रडू आलं.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, कारण आई अजून माझे खिसे तपासते. तुम्ही ताईला लपवायला नेलं होतंत, हे तिला कधीच कळू देणार नाही. आणि खरं सांगू का अण्णा, हो म्हणताना मी खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही.