दिव्यानीच्या हिरडीवरची गाठ अन् चंद्रपूरचा डॉक्टर

मोहर्ली

आदरणीय लहानूभाऊ,

आमच्या बायकोचे थोरले बंधू म्हणून तुमाले प्रफुलचा वाकून जय भीम. आईचे गुडघे अन् रुखमावहिनीचा खोकला आता कसा आहे? मी इथी बरा आहे (म्हणजे स्वयंपाक सोडून बाकी बरा आहे). तुमच्या घरातला एकही फोन मले उत्तर देत नाई, म्हणून अहेरीच्या बसच्या कंडक्टरजवळ हे पत्र देऊन राह्यलो.

दिव्यानी रागावून माहेरी आली, तवा तिनं तिची बाजू सांगितलीच असेल. माझी ऐका. तिच्या समोरच्या दातांमध्ये हिरडीवर लालभडक गाठ आली. ब्रश लागला का रक्त. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा मी, अन् गाठ तिच्या तोंडात! मी कॅन्सरच समजलो अन् सफारीच्या जिप्सीत पर्यटकांसमोर रडलो (त्यांना वाटलं वाघ दिसला). मंग चंद्रपूरच्या दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर अश्विन. वयानं तरणा, दात पांढरेशुभ्र. मले तो तेव्हाच पटला नाई.

त्यानं गाठ कधीपासून आहे, दिवस गेलेत का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, सारं विचारलं. फोटो काढून हाड चांगलं असल्याचं पाह्यलं. दाताच्या मुळाशी कीटण साचलं होतं. "सतत काही टोचलं की हिरडी चिडते आणि फुगते. बहुतेक गाठ साधीच आहे, पण अशा दोन-तीन गाठी दिसायला सारख्याच असतात. तुकडा तपासल्याशिवाय मी नाव सांगणार नाही," तो म्हणाला.

दिव्यानी माझ्याकडं पाहून म्हणाली, "सतत टोचणारा घरी बी आहे, डॉक्टर."

अन् दोघंही हसले. भाऊ, माझ्या विनोदावर नागपूरचे पर्यटक हसतात, ही कधी हसली नाई. त्यानं सुई देऊन गाठ काढली, कीटण साफ केलं, तुकडा नागपूरला तपासायले पाठवला. घरी आल्यावर तिचं सारखं, "डॉक्टर असं म्हणते, डॉक्टर तसं म्हणते." मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं, तवा तिनं ऐकलं नाई; डॉक्टरनं सांगितलं तं लगेच करते. वरतून रक्त थांबलं का विचारायले त्याचा फोन आला, तं कशी गोड बोलली! मी तापानं फणफणलो होतो तवा "गोळी खा" म्हणून शेजारी गेली होती.

मले राहावलं नाई. जिप्सीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला असं घरी खोटं सांगून मी चंद्रपूर गाठलं. त्याले सरळ विचारायचं ठरवलं होतं, पण तिथल्या बाईनं पेशंट समजून मले खुर्चीत बसवलं, गळ्यात कापड बांधलं. डॉक्टर म्हणाला, आ करा. वाटभर पाठ केलेल्या भाषणाऐवजी तेवढा 'आ'च तोंडातून निघाला. खर्ऱ्यावरून त्यानं मले अर्धा तास झापलं. चूळ भरली तवा कुठी मी विचारलं, "माझ्या बायकोले फोन काऊन करता?"

"सगळ्याच पेशंटना करतो," तो शांतपणे म्हणाला. "बाहेर धुरपताबाई बसल्यात, त्यांनाही केला होता."

आमच्याच गावची धुरपताबाई कवळी बसवायले आली होती. तिनं सारं ऐकलं. मी उसाचा रस प्यायले थांबलो, ती थांबली नाई. मी घरी पोचलो तं दिव्यानीची पिशवी भरलेली. पुढचं तुमाले माहीत आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुमचा जावई,
प्रफुल

ता. क. – तिले बसमध्ये बसवून द्या. खर्रा सोडला आहे (आज सकाळपासून).

ता. क. २ – मुख्य गोष्ट राहूनच गेली. तपासणीचा निकाल मी चंद्रपूरले जाऊन आणला. गाठ साधी आहे, कॅन्सर नाई. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पुन्हा रडलो. तिले आधी हेच वाचून दाखवा.

ता. क. ३ – डॉक्टरनं तिले हे फोनवर आधीच सांगितलं असेल, तं मले कळवू नका.