हेसेदला मराठी शब्द

२ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. आ. आईच्या पाठीवरची जखम भरत नाही हे वाचून जीव कासावीस झाला. पण आमचं हिब्रू शास्त्राचं भाषांतर एका शब्दापाशी अडून बसलंय: हेसेद. मंडळातले काही म्हणतात, ‘दया’ लिहा. दया वाटेवरच्या कुणावरही करता येते. हेसेद नात्यातलं असतं. ‘प्रेम’ लिहावं, तर प्रेम आज आहे, उद्या नाही. समोरच्याला हक्कानं मागता येत नाही, आपण निघून गेलो तर कुणी जाब विचारणार नाही, तरी न जाणं, तिथे हा शब्द येतो. बहुतेकदा देवाच्या बाबतीत. हा शब्द सुटला की मी लगेच तिकडे निघतो. तुला काही सुचतंय? शब्दकोडी तूच आधी सोडवायचीस.

आईला जप, स्वतःलाही.
दादा

१९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. कोडी सोडवायला सवड कुठली? बेकरीतली पाळी संपवून मी पोचते, तोवर वहिनीनं आईला कुशीवर वळवून चादर बदललेली असते. हो, माझी वहिनी. तुझी ती आता कुणी नाही, कोर्टानं तसं लिहून दिलंय. आई अंथरुणाला खिळली आणि ही ट्रंक घेऊन आली, ती राहिलीच. तुला कळवू नकोस म्हणाली होती, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

परवा आईनं तिला ओळखलंच नाही, बोचकारलं. वहिनीनं हात धुतला आणि उरलेलं दूध चमच्यानं पाजलं. कशाला करतेस, असं विचारलं तर म्हणाली, शिलाई कारखान्यातून सुटून रिकाम्या खोलीत जाऊन तरी काय करू. आई सारखी दाराकडे बघत तू आलास का विचारते. डॉक्टर म्हणाले, भेटायचं तर आत्ताच. शब्द कुठे पळून जात नाही.

ये, एवढंच मागणं.
चिमणी

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ. तुझ्या वहिनीला कुठल्या तोंडानं भेटू? त्याच शास्त्रात एक गोष्ट आहे. मुलगा गेल्यावर सासू सुनेला सांगते, माहेरी जा, तुझं इथे काही उरलं नाही. सून जात नाही. तिच्या वागण्याला हेसेदच म्हटलंय. शनिवारच्या बैठकीत मी हीच गोष्ट मांडणार आहे. मग रविवारची गाडी, नक्की. आईला सांग.

तुझ्या रागासकट तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. रविवारी तू दारातच सांगितलंस, ‘अढळ माया’ मंडळाला पटली. मग तुला रिकामा पलंग दिसला. वहिनी कुठे, असं विचारलंस तेव्हा संतापानं मी आत निघून गेले, म्हणून लिहिते.

शुक्रवारी सकाळी आईला दिसेनासं झालं. तिनं हात चाचपडत पुढे केला आणि तू आलास का विचारलं. मी रडायला लागले. वहिनीनं तो हात धरला आणि आवाज जाड करून म्हणाली, हो आई, आलोय. आईनं त्या हातावरून हात फिरवला, वाळलास रे म्हणाली आणि शांत झाली. दुपारी गेली. वहिनीनं तिला आंघोळ घातली, केस विंचरले. शनिवारी ट्रंक उचलून ती निघून गेली. तिचा पत्ता मागू नकोस, मी देणार नाही.

लोभ आटलेला नाही, पण काही दिवस पत्र टाकू नकोस.
चिमणी