आजोबांच्या वहीतली शेवटची ओळ

नॉटिंगहॅम, फेब्रुवारी २००३, रविवार

रोहन जेवायला आला होता. आर्मीत नकाशांचं काम करतो, पुढच्या वीकला कुवेतला निघतोय, युद्ध झालं तर तिथून इराकात, बसऱ्याकडे. माझ्या आजोबांची वही मागितली. पहिल्या महायुद्धात तेही तिकडेच होते, इंग्रजांच्या पलटणीआधी जाऊन वाटा, विहिरी टिपायचे. रोहनला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी वाचत गेले आणि त्यानं लिहून घेतलं. गाडी कुठे रुतते, पाणी कुठे गोड. शेवटची ओळ मात्र गाळली.

“आई, लास्टचा ओळ काय आहे?”

“काही नाही रे, हवेबद्दल आहे.”

खोटं का बोलले? त्याच्यासाठी, की स्वतःसाठी?

ती ओळ अशी: ‘ज्या घरानं मला पाणी पाजलं, त्यांचीच विहीर मी साहेबाला दाखवली. सकाळी पलटणीनं गाव जाळलं.’